वसईच्या किल्ल्यात १७३९ चित्रित करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांवर मिळवलेल्या वसई विजयावर वीसेक मिनिटांची फिल्म करायची आहे, चित्रीकरण वसईच्या किल्ल्यातच करायचं आहे, आणि शेवटच्या प्रसंगात मराठी फौज पडक्या चर्चमधून, मोडक्या कमानींखालून जल्लोषात आत शिरते असं डोक्यात आहे. यासाठी कुठली जागा सगळ्यात चांगली, आणि 'ही चर्च मराठ्यांनीच पाडली ना?' असं विचारलंय.

ऐतिहासिक मालिका आणि चित्रपटांसाठी लोकेशन शोधायचं, कलाविभागाबरोबर ते उभं करायचं, हे माझं काम. वसईचा किल्ला त्यात कायम येतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही जागा विचारताय, पण अडचण जागेची नाही, काळाची आहे. आज जी पडझड कॅमेऱ्यात इतकी देखणी दिसते, ती १७३९ च्या मे महिन्यात नव्हती. निदान या रूपात तर नव्हतीच. तेव्हा तिथे छप्परं असलेली चर्च, मठ, दोन मजली घरं, रस्ते आणि चौक असलेलं एक चालतं-बोलतं शहर होतं. तुमची फौज भग्न कमानींखालून शिरताना दाखवलीत, तर वेढा घालायच्या आधीच किल्ला पडलेला होता असं दिसेल. मग एवढी माणसं कशासाठी मेली, हा प्रश्न बघणाऱ्याला पडणारच.

आधी शहर कसं उभं राहिलं ते सांगतो, कारण त्यावरच कुठे काय चित्रित करायचं ते ठरतं. वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. हुमायूनच्या दबावाखाली आलेल्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांशी तह केला, आणि वसई, साष्टी आणि मुंबईची सात बेटं त्यांच्या पदरात टाकली. हा तह 'साँ मातेउश' नावाच्या जहाजावर झाला. नूनो द कून्या तेव्हा पोर्तुगीजांचा गव्हर्नर होता. १५३६ पासून किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. आज ज्याला आपण बालेकिल्ला म्हणतो, तो मधला लहान कोट हा त्यातला सगळ्यात जुना भाग. बाहेरचा मोठा तट नंतरचा, आणि तो पुरा व्हायला त्या शतकाची अखेर उजाडली.

पुढची दोनशे वर्षं वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी होती. म्हणजे चौल, साष्टी, डहाणू, दमण हा सगळा पट्टा इथून हाकला जायचा, आणि इंग्रजांकडे जाईपर्यंत मुंबई ही वसईच्या हाताखालची किरकोळ जागा होती. मुंबईकरांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांनी तटाच्या आत चर्च आणि मठ बांधले. गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज बाप आणि इथल्या आईचा मुलगा याच वसईत जन्मला आणि जेझुइटांच्या हाताखाली शिकला. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं, आणि १८६२ साली रोमने त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. त्याच्या नावाचं चर्च किल्ल्यात आजही छपरासकट उभं आहे आणि तिथे सण साजरा होतो. तुमच्या कामाच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

आता पडझडीबद्दल. ती एका रात्रीत झालेली नाही, थराथराने झालेली आहे. १६१८ च्या मे महिन्यात मोठं वादळ झालं, त्यात शहराचं आणि मठांचं बरंच नुकसान झालं. ते दुरुस्त झालं. १६९५ मध्ये जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी इथे आला होता. त्याने लिहिलंय की साथीच्या रोगामुळे शहराचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा ओस पडलेला आहे. म्हणजे मराठे यायच्या चाळीसेक वर्षं आधीच वसईची कळा उतरू लागली होती. तुम्हाला एखादं ओसाड घर, माणूस नसलेली गल्ली दाखवायची असेल, तर हा आधार तुमच्याकडे आहे. पण ओसाड घर वेगळं आणि आभाळ दिसणारं चर्च वेगळं.

१७३९ चा मार मुख्यतः तटाला बसला. हा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला, दर्या आणि खाडी, आणि चौथ्या बाजूला जमीन. साष्टी आणि ठाणं मराठ्यांनी १७३७ मध्येच घेतलं होतं, वसई मात्र राहिली होती. चिमाजी अप्पा १७३९ च्या फेब्रुवारीत वसईपुढे येऊन ठाकले, आणि मे महिन्यापर्यंत जमिनीकडच्या बाजूने मोर्चे, खंदक आणि सुरुंग असं काम चाललं. शंकराजी केशव, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, समुद्राकडून मानाजी आंग्रे अशी मोठी माणसं त्यात होती. सां सेबास्तियांव आणि रेमेदिओश या दोन बुरुजांवर सगळा जोर होता. सुरुंग उडाले, खिंडार पडलं, मराठे चढले, पोर्तुगीजांनी आतून हातबाँब आणि जळते ओंडके टाकून त्यांना मागे रेटलं, पुन्हा चढले. मराठ्यांची माणसं हजारांनी पडली. 'किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तोफेला बांधून आत उडवा, निदान तेवढं तरी किल्ल्यात पडेल' असं चिमाजी अप्पा म्हणाल्याची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. ती फिल्ममध्ये घ्यायची तर घ्या, पण आख्यायिका म्हणून घ्या. खरी घाई मात्र होतीच: पाऊस तोंडावर होता आणि तिकडे दिल्लीत नादिरशहा घुसलेला होता. अशा वेळी एवढी फौज कोकणात चिखलात अडकवून ठेवणं पेशव्यांना परवडणारं नव्हतं.

तारखेवरून तुमचा कोणाशी तरी वाद होणार, म्हणून आत्ताच सांगतो. शरणागतीची तारीख काही ठिकाणी ५ मे दिसेल, काही ठिकाणी १६ मे. दोन्ही बरोबर. पोर्तुगीज नवी, म्हणजे ग्रेगोरियन, दिनदर्शिका वापरत होते. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. दोघांत अकरा दिवसांचा फरक, म्हणून पोर्तुगीजांची १६ मे तीच इंग्रजांची ५ मे. पाटीवर कुठलीही घाला, पण पूर्ण फिल्मभर एकच पद्धत ठेवा. किल्ला ताब्यात आल्याची तारीख एका पद्धतीने आणि तहाची दुसऱ्या पद्धतीने घातली, की किल्ला आत्मसमर्पणाच्या आधीच हाती आलेला दिसतो. हे घडलेलं मी पडद्यावर बघितलेलं आहे.

आणि ही शरणागती तहाने झाली, हे तुमच्या शेवटच्या प्रसंगाच्या मुळावरच येतं. उरलेल्या पोर्तुगीज सैन्याला हत्यारं, निशाणं आणि वाजती वाद्यं घेऊन मानाने बाहेर पडू देण्याचं ठरलं. आवराआवरीला आठवडाभराची मुदत मिळाली. ख्रिस्ती प्रजेच्या धर्माला हात लावायचा नाही, काही चर्च चालू ठेवायची, अशीही कलमं होती. त्यामुळे ज्या दिवशी जरीपटका चढला, त्या दिवशी किल्ल्यात जाळपोळ करत शिरलेली फौज असं चित्र नव्हतं. एका दरवाजाने एक सैन्य निघून जातंय आणि दुसरं आत येतंय. माझ्या मते हा प्रसंग जाळपोळीपेक्षा कितीतरी जड आहे. दोन्ही बाजूंची माणसं तीन महिने एकमेकांना मारत होती, आणि आता ती एकमेकांसमोरून, हात न उचलता चाललीयेत. याला पैसेही कमी लागतात, धुराच्या डब्यांचा खर्च वाचतो.

मग चर्च पडली कधी? मराठ्यांच्या राज्यात शहराला 'बाजीपूर' असं नाव दिलं गेलं, शंकराजी केशव सरसुभेदार झाले, किल्ल्यात नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आलं. पोर्तुगीज सरदार-घराणी मुंबईला आणि गोव्याला निघून गेल्यावर त्यांचे वाडे आणि मोठे मठ रिकामे पडले. रिकामी वास्तू कोकणात किती टिकते, हे कोणालाही विचारा. त्यावर १७८० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जनरल गोडार्डने वसईला वेढा घातला आणि इंग्रजी तोफा याच तटावर चालल्या. तटावर जी गोळ्यांची खूण दिसते ती मराठ्यांचीच, असं छातीठोकपणे सांगणारा वाटाड्या भेटला तर त्याला ही आठवण करून द्या. १७८२ च्या सालबाईच्या तहाने किल्ला मराठ्यांकडे परत आला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी जो तह केला तो वसईचाच. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना वसईची गरजच उरली नाही, कारण मुंबई त्यांच्या हातात होती. १९ व्या शतकात किल्ल्यातली जमीन भाडेपट्ट्याने देऊन झाली, तिथे साखर काढण्याचाही उद्योग करून झाला. १८६० च्या दशकात रेल्वे आली ती किल्ल्यापासून लांबून गेली. म्हणून स्टेशनचं नाव आजही 'वसई रोड' आहे. गाव स्टेशनकडे सरकत गेलं, किल्ला मागे राहिला.

पडझड त्या शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिचा मुख्य गुन्हेगार पाऊस. हे तुम्हाला स्वतः तपासता येईल. कुठल्याही मोठ्या चर्चमध्ये उभे राहा आणि भिंतीच्या वरच्या भागाकडे बघा. ओळीने चौकोनी भोकं दिसतील, हातभर खोल. त्यांत तुळया बसत होत्या. म्हणजे मुख्य दालनावरचं छप्पर लाकूड आणि कौलांचं होतं. लाकूड कुजलं किंवा कोणी काढून नेलं, कौलं गेली, आणि उघड्या पडलेल्या भिंतीच्या डोक्यावरून पाणी आत मुरायला लागलं. चुना सुटला, फटीत पिंपळ रुजला. जिथे छत दगड-चुन्याच्या कमानीचं होतं, तिथे ते अजूनही काही ठिकाणी टिकून आहे, आणि त्याच्या पोटाला गिलाव्यातली नक्षीसुद्धा दिसते. एकाच वास्तूत अर्ध्या भागाला छत आणि अर्ध्या भागाला आभाळ असं दिसतं ते यामुळे. तोफ अशी निवडून मारा करत नाही.

म्हणून चर्च पाडण्याचा प्रसंग काढा आणि त्याच्या जागी घंटा उतरवण्याचा घाला. घंटा नेल्या, हे पक्कं आहे. वसईच्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आजही वाजतात. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा तर सगळ्या शहराला माहीत आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या देवळापुढे एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. गंमत म्हणजे मेणवलीचा घाटही आता चित्रीकरणाचं ठिकाण झालाय. मनोऱ्यातून दोरखंड लावून घंटा खाली घेताना दाखवलीत, एक म्हातारा किरिस्तांव तिच्याकडे बघत उभा आहे असं दाखवलंत, तर विजय आणि पराजय दोन्ही एका फ्रेममध्ये येतात, आणि कोणी तुम्हाला खोटं ठरवू शकत नाही. फक्त इथल्या लोकांच्या भावनांचं भान ठेवा. वसईतले ख्रिस्ती, मग ते कोळी असोत, कुपारी असोत की वाडवळ, हे काही त्या पोर्तुगीज जहाजांतून परत गेले नाहीत. ते इथलेच, तेव्हाचे आणि आत्ताचे. तुमच्या फिल्मचे पहिले प्रेक्षक तेच असतील.

आता किल्ला चित्रीकरणाचं ठिकाण का झाला, हे बघू, कारण त्यातच तुमच्या निवडीची सोयही आहे आणि धोकाही. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून सकाळी निघून दिवसभर काम करून रात्री घरी येता येतं. किल्ल्याच्या आतून किल्लाबंदरकडे डांबरी रस्ता जातो, त्यामुळे जनरेटर आणि सामानाचा टेम्पो बराच आत नेता येतो. डोंगरी किल्ल्यावर हेच सामान माणसांच्या डोक्यावरून न्यावं लागतं. छप्पर नसल्याने आत दिवसभर उजेड मिळतो, तोही भिंतींवरून परतून आलेला, मऊ. शिवाय सुमारे ११० एकरांच्या आवारात तट, मठाचा चौक, मनोरा, गल्ली, जेट्टी असे दहा वेगवेगळे 'सेट' चालत जाण्याच्या अंतरावर. आणि ही जागा कशाचीही भूमिका करते: गोवा म्हणा, युरोपातलं कुठलंसं गाव म्हणा, भुताचा वाडा म्हणा. हिंदी गाणी, मालिका, जाहिराती यांनी ती वापरून वापरून गुळगुळीत केली. कोल्डप्ले या इंग्लिश बँडच्या 'हिम फॉर द वीकेंड'चा २०१६ मध्ये आलेला व्हिडिओ इथेही चित्रित झाला होता. त्यानंतर तर लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडप्यांची रांगच लागली. रविवारी जेझुइटांच्या चर्चपुढे गेलात तर एका दर्शनी भिंतीसमोर चार नवऱ्या दिसतील.

धोका इथेच आहे. त्या दर्शनी भिंती, तो सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आणि त्यातला गोल जिना लोकांनी इतक्या वेळा पाहिलाय की तुमची फिल्म सुरू होताच प्रेक्षक म्हणेल, 'अरे, हे तर अमक्या गाण्यातलं.' १७३९ गेलं बाजूला.

मी तुमच्या जागी असतो तर जागा अशा निवडल्या असत्या. वेढा आणि हल्ला यासाठी जमिनीकडचा दरवाजा आणि त्याच्या आजूबाजूचा तट. इतिहास तिथेच घडला, आणि तटाचा दगड तटच दिसतो, त्याला छपराची गरज नाही. दोन दरवाज्यांच्या मधलं वळण छोट्या पलटणीने चित्रीकरण करायला फारच उपयोगी आहे. तीस माणसं तिथे तीनशे वाटतात, कारण कॅमेऱ्याला पुढचं दिसतच नाही. पोर्तुगीजांचं बाहेर पडणं दर्या दरवाजाकडे घ्यावं असं वाटेल, पण तिथे अडचण आहे. पलीकडे कोळ्यांची चालती जेट्टी आहे: डिझेलच्या होड्या, निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, वाळत घातलेले बोंबील. बोंबील तुम्हाला चालतील, १७३९ लाही असतील. ताडपत्री आणि इंजिन चालणार नाही. कॅमेरा आतून दरवाजाकडे, दरवाजाच्या पलीकडे नुसता उजेड, एवढंच दाखवा. आणि जेट्टीवरच्या लोकांशी आदल्या दिवशी जाऊन बोला. त्यांचा सकाळचा माल उतरायच्या वेळी तुम्ही रस्ता अडवलात तर दिवस गेला म्हणून समजा.

चर्चच्या आतला प्रसंग, म्हणजे प्रार्थना, जखमी लोक, बायका-मुलं आश्रयाला आलेली, हे पडक्या चर्चमध्ये घेऊ नका. जिथे कमानी छत शिल्लक आहे असा कोपरा धरा, कॅमेरा खाली ठेवा, चौकट घट्ट घ्या, रात्र दाखवा. मेणबत्तीच्या उजेडात वर आभाळ आहे की तुळया, हे कोणालाच कळत नाही. गोन्सालो गार्सियाचं चर्च छपराचं आहे, पण ते भक्तांचं ठिकाण आहे. तिथे विचारायचंच असेल तर संबंधित धर्मगुरूंकडे आधी पटकथा घेऊन जा, आणि नकार आला तर हुज्जत घालू नका. पैसे असतील तर आणखी एक वाट आहे: भिंती खऱ्या आणि छप्पर संगणकावर. त्या तुळयांच्या भोकांमुळे व्हीएफएक्सवाल्याला उंची आणि अंतर आयतं मिळतं, त्यामुळे काम अंदाजपंचे होत नाही. वीस मिनिटांच्या फिल्मला अशा दोन-तीन चौकटी पुरतात.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीकडे मुद्दाम लक्ष द्या. तिथे थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज मजकूर आणि घराण्यांची चिन्हं कोरलेल्या. बऱ्याच शिळा पायांखाली झिजून अक्षरं बोटाने चाचपावी लागतात अशा झाल्या आहेत. कोणाला तरी ट्रॉलीचे रूळ टाकायला हीच सपाट जागा सोयीची वाटते, म्हणून सांगतो: तिथे रूळ नाहीत, स्टँडचे टोकदार पाय नाहीत, जेवणाची पंगतही नाही. कॅमेरा हातात धरून घ्या, नाहीतर कडेने फिरा.

ऋतू हा मुद्दा सगळे विसरतात. वसईचा किल्ला सुंदर दिसतो तो ऑगस्ट ते नोव्हेंबर, भिंतींवर शेवाळ, सगळीकडे हिरवंगार. म्हणून सगळे तेव्हा येतात. पण वेढा फेब्रुवारी ते मे असा झाला. म्हणजे वाळलेलं गवत, धूळ, अंगाची लाही करणारं ऊन, आणि शेवटी शेवटी जमू लागलेले ढग. ढोपरभर हिरवळीत उभी असलेली तुमची फौज बघून कोणी चूक काढणार नाही कदाचित, पण पाऊस यायच्या आत किल्ला घ्यायचाय ही जी तगमग कथेचा कणा आहे, ती त्या हिरवळीत मरते. एप्रिल-मे मध्ये चित्रीकरण करा. त्रास होईल, पाणी आणि ताक भरपूर ठेवा, दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवा. तशीही त्या वेळी सावली पायाखाली येते आणि दगड पांढरा फटक दिसतो. सकाळी साडेआठपर्यंत आणि चारनंतर तटाच्या दगडाला जो पोत येतो त्यासाठीच तर एवढ्या लांब यायचं. मे अखेरीस आलात तर ढगही फुकट मिळतील, पण मग रोजच्या रोज पावसाचा जुगार.

परवानगीचं सांगतो आणि थांबतो. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. हातातल्या कॅमेऱ्याने फिरायला आलेल्या माणसासारखे फोटो काढणं वेगळं. कलाकार, वेशभूषा, स्टँड, दिवे आले की ते चित्रीकरण, आणि त्याला रीतसर परवाना लागतो. फी आणि अनामत वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करायच्या आधी त्या वेळचा आकडा मुंबई मंडळाच्या कार्यालयातून घ्या. ते शीवच्या किल्ल्यावर आहे. ड्रोनची परवानगी वेगळी, ती गृहीत धरू नका. स्थानिक पोलिसांना कळवणंही वेगळं. तटावर खिळा मारता येत नाही, रंग लावता येत नाही, आग आणि सुरुंगाचे स्फोट तर विसराच. स्फोट दुसरीकडे, उघड्या माळावर घ्या आणि संकलनात जोडा. 'लहान फिल्म आहे, कोण विचारतंय' असा सल्ला देणारे भेटतील. बरेच विद्यार्थी तसंच करतात, हेही खरं. पण तोफेची प्रतिकृती आणि पन्नास माणसं घेऊन गेल्यावर तुम्ही लपणार कुठे? आणि दुपारी दोन वाजता काम बंद पाडलं गेलं तर त्या दिवसाचे पैसे कोणी परत देत नाही.

अर्जाबरोबर कथेचा गोषवारा मागतात. त्यात 'मराठे चर्च उद्ध्वस्त करतात' असं वाक्य असेल तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत बसेल, हे अनुभवाने सांगतो. घंटा उतरवणं आणि पोर्तुगीजांचं वाजत-गाजत बाहेर पडणं लिहा, ते इतिहासाला धरून आहे आणि त्यावर कोणी आक्षेप घेणार नाही. परवाना येईपर्यंत एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी, कॅमेरा न घेता जाऊन या. जमिनीकडच्या दरवाज्यापासून सुरुवात करा, आधी तटाच्या बाहेरच्या बाजूने चाला, म्हणजे हल्ला करणाऱ्याला काय दिसत होतं ते कळेल, आणि मगच आत शिरा. शॉट-लिस्ट तयार झाली की इथे टाका, कुठला शॉट कुठे बसेल ते मी बघून सांगेन.